सिग्नलला बंद पडणारी गाडी

आमची मारुती ८०० चालते उत्तम. तिला थांबता येत नव्हतं, एवढंच.

म्हणजे हायवेला ऐंशीनं पळवा, काही नाही. चढावर तिसऱ्यात घ्या, तक्रार नाही. पण गावातल्या पहिल्या सिग्नलला पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की आधी स्टिअरिंग थरथरायचं, मग डॅशबोर्डवरचा गणपती डुलायला लागायचा, मग गिअरचा दांडा. दिवा हिरवा होईपर्यंत इंजिन दोन उचक्या देऊन गप्प. मागून हॉर्नवर हॉर्न. अण्णा मात्र घाई न करता न्यूट्रल करायचे, चावी फिरवायचे, थोडी रेस द्यायचे आणि आरामात निघायचे. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या तरी मान वळवायचे नाहीत. मला त्यांच्या या शांतपणाचं फार कौतुक वाटायचं. मी पुण्यात स्कूटर चालवते आणि माझ्याकडे तो अजिबात नाही.

२०२४ च्या दिवाळीत मी आठवडाभर इचलकरंजीला घरी होते. गाडी १९९९ ची. अण्णांनी २००६ मध्ये सेकंडहँड घेतलेली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. २०१४ ला झालं, २०१९ ला झालं, आता डिसेंबरमध्ये पुन्हा संपत होतं. नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली. वर हरित कर. आणि या सगळ्याच्या आधी पीयूसी, जी अशा थरथरणाऱ्या इंजिनला मिळणं अवघड, कारण पीयूसीत नेमकं आयडलचंच माप काढतात. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. इंजिन मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि तो दुसरा आकडा उडतो.

मी सप्टेंबरमध्येच फोनवर सांगून टाकलं होतं, ‘अण्णा, स्क्रॅपला देऊया.’ ते म्हणाले होते, ‘हां.’ मग नेहमीसारखं, ‘आईला देतो.’ मी समजले, ठरलं.

घरी आले तर गाडी दारात, बॉनेट उघडं, आणि कार्बोरेटर वर्तमानपत्रावर सुटा करून मांडलेला.

*

अण्णा मोटार मेकॅनिक नाहीत. ते जॉबर होते. गावाबाहेरच्यांसाठी सांगते. यंत्रमागाच्या कारखान्यात कामगार माग चालवतो आणि माग बिघडला की जॉबर तो दुरुस्त करतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या शंभर वर्षांत निम्म्या गावाच्या भिंतींमधून खडखडाट यायला लागला. धोट्याचे माग एका शेडमध्ये चोवीस-चोवीस लागलेले असले की आत आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा नव्वद आहे. डेसिबलचं गणित लॉगॅरिदमचं, त्यामुळे वरचे दहा म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट. अण्णांनी तिथं एकतीस वर्षं काढली. २०१६ मध्ये मालकानं माग किलोवर भंगारात घातले आणि ते घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी ही गाडी हातात घेतली. गल्लीत कुणाची स्प्लेंडर असो की छोटा हत्ती, मिस्त्रीकडे नेण्याआधी लोक अण्णांना दाखवायचे. ते बॉनेटवर नाहीतर टाकीवर हात टेकवून, मान खाली घालून उभे राहायचे आणि सांगायचे, ‘टॅपेट लूज हाय,’ नाहीतर ‘एका प्लगचं करंट येईना झालंय.’ बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आमच्या घरातली दंतकथाच होती ती. अण्णांना इंजिनचं बोलणं ऐकू येतं म्हणे. मी कॉलेजात हॉस्टेलवर मुलींना हे अभिमानानं सांगितलेलं आहे.

पण या वेळी तीन महिने झाले तरी त्यांना सापडत नव्हतं. प्लग नवीन घातले, पॉइंट घासले, एअर फिल्टर बदलला. कार्बोरेटर दोनदा खोलून जेट फुंकून बसवला, हा तिसरा खेप. गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीनं पाच मिनिटं बघून ‘इंजिनचं काम काढावं लागेल’ म्हणून पंचवीस हजार सांगितले होते. शिवाय एक भंगारवाला दोनदा येऊन टायर दाबून गेला होता. तो सगळ्यात जास्त नियमित होता.

‘बंद करा आता, स्क्रॅपचं ठरलंय ना आपलं?’ मी म्हणाले.

‘कुणाचं ठरलंय?’

‘मी फोनवर म्हणाले, तुम्ही हां म्हणालात.’

ते काहीतरी पुटपुटले आणि जेट उजेडाकडे धरून त्यातून बघायला लागले. मला राग आला. तरी बाजूला बसले, कारण आतून चकल्यांचं काम अंगावर येणार होतं.

*

मी बॅकएंडला काम करते. रात्री तीनला अलर्ट आला की लॉग बघायचे, कुठपर्यंत सगळं ठीक होतं ते शोधायचं, मधोमध कापायचं, पुन्हा मधोमध कापायचं. या गाडीला लॉग नाहीत. सेन्सर नाहीत, चेक इंजिनचा दिवा नाही, साधा आरपीएमचा काटाही नाही. तीन सिलिंडर, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. पण कापता येतं.

पहिला प्रश्न सोपा. बिघाड एकाच सिलिंडरचा आहे की तिघांचा? कार्बोरेटर बसवून गाडी चालू केली. अण्णांनी रबराची मूठ असलेल्या पक्कडीनं एकेका प्लगची वायर काढून परत लावली. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. तिन्ही वेळा सारखंच लंगडलं. म्हणजे तिघे जिवंत, आणि रोग जो काही आहे तो तिघांच्या आधी, सामायिक वाटेवर.

दुसरं, प्लगचा रंग. तिन्ही काढून पेपरवर मांडले. मिश्रण बरोबर असलं की टोक कॉफीच्या रंगाचं होतं, पेट्रोल जास्त असलं की काजळी, कमी असलं की पांढुरकं. तिन्ही पांढुरके. अण्णांनी चोक थोडा ओढून दाखवला. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, ओढली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन लगेच जरा शहाण्यासारखं वागायला लागलं. सोडला की परत उचक्या.

‘बघ. पेट्रोल कमी पडतंय. जेटच हाय,’ अण्णा म्हणाले.

पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, मी मनात म्हणाले. पेट्रोल जळायला त्याच्या वजनाच्या साधारण पंधरापट हवा लागते. प्रमाण बिघडवायला दोन दारं आहेत आणि अण्णा तीन महिने एकाच दारावर धडका देत होते.

आणि गाडी पळताना ठीक, थांबली की वाईट, हे दुसऱ्या दाराकडे बोट दाखवत होतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतात पण वाट चिमूटभर, त्यामुळे इन्टेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहून खाली जातो. तिथं कुठं भेग असेल तर बाहेरची हवा अक्षरशः घुसते. मोजमापातून न आलेली, पेट्रोल न घेता आलेली फुकटी हवा. ॲक्सिलरेटर दाबला की मुळातच एवढी हवा आत जाते की ती चोरवाटेची हवा हिशेबातही धरायला नको. मिस्त्री लोकांत याला ‘एअर घेतेय’ म्हणतात. अण्णांनाही हे माहीत होतंच.

‘बघितलंय मी. कुठनं एअर घ्यायलीय असं न्हाई. आवाज आला असता की,’ ते म्हणाले.

ते बरोबरच होतं. आवाज येतो. बारीक भेगेतून हवा आत शिरताना शिट्टीसारखा, फुसकारल्यासारखा आवाज येतो. इंजिनच्या धडधडीत तो हरवतो, पण कान जवळ नेला की सापडतो. काही जण संशय आहे तिथं कार्ब क्लीनर मारतात. अण्णांनी ऑइल कॅनमधून पेट्रोल मारायची तयारी दाखवली, गरम इंजिनवर. ती मी हाणून पाडली. कुंड्यांना पाणी घालायच्या पाइपचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं टोक, बेल्टपासून लांब राहून, कार्बोरेटरच्या भोवती फिरवायला लागले. डॉक्टर-डॉक्टर खेळल्यासारखं. समोरच्या गच्चीवरून दोन पोरं बघत होती.

एअर क्लीनरजवळ घरघर. मॅनिफोल्डच्या जोडावर नुसती धडधड. कार्बोरेटरच्या पोटाखाली, हात कसाबसा पोचतो तिथं, एकदम *स्स्स्स्*. शिट्टीच्या आधी कुकर जसा फुसफुसतो तसा. टोक दोन बोटं हलवलं की गायब, परत आणलं की *स्स्स्स्*.

‘सापडलं! ऐका,’ मी पाइप अण्णांच्या कानाला लावून दिला.

त्यांनी ऐकलं. मान हलवली. ‘काय न्हाई.’

मला वाटलं टोक सरकलं. परत माझ्या कानाला लावून जागा पक्की केली, तोच हात तसाच धरून पाइप त्यांच्या कानाला दिला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण ते म्हणाले, ‘हां हां. येतोय.’

येत नव्हता. फोनवरचा ‘हां’ तोच होता.

*

त्या पाच-दहा सेकंदांत मला जे जे आठवलं ते मी इथं सगळं लिहीत नाही. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद केला नाही म्हणून आईची चिडचिड. ‘सात वाजता या म्हटलं, आठला आले’ यावरून झालेलं भांडण. मागून हॉर्न वाजत असताना शांतपणे चावी फिरवणारा माणूस.

आणि फोन. मी नोकरीला लागल्यापासून गेली सहा वर्षं अण्णांशी फोनवर बोलले असेन ते दीडेक मिनिटाच्या वर कधी नाही. प्रमोशन झालं हे सांगितलं, ‘हां.’ कंपनी बदलतेय, ‘हां, हां. जेवलीस काय?’ दुपारी चारला. मी हळूहळू सांगायचंच सोडून दिलं होतं. त्यांना माझ्या कामातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, असा माझा निकाल झाला होता. तो मी मैत्रिणींनाही ऐकवला होता, थोडा चढवून.

नंतर वाचलं, की गोंगाटानं जाणारं ऐकणं सगळं एकदम जात नाही. सुरुवात चार हजार हर्ट्झच्या आसपास होते. स, श, त, क, फ ही अक्षरं उंच पट्टीतली. अ, आ, ओ हे स्वर खालचे, ते येत राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ‘सात’ काय, ‘आठ’ काय, मधला आ तेवढा पोचतो. समोर बसलं की ओठ बघून भागतं, आणि मागाच्या शेडमध्ये सगळेच ओठांवर बोलतात, ती सवय असतेच. फोनला ओठ नसतात.

पण हे नंतरचं. तेव्हा मी फक्त पाइप बाजूला ठेवला आणि मोठ्यांदा, त्यांच्या समोर येऊन म्हणाले, ‘अण्णा, तो खालचा बारीक पाइप पक्कडीनं दाबा.’

करंगळीहून बारीक रबरी पाइप. पंचवीस वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजून कडक झालेला, आणि मॅनिफोल्डच्या नळीवर जिथं चढवतात तिथं, बरोबर खालच्या अंगाला, फाटलेला. वरून बघणाऱ्याला धडधाकट. अण्णांनी फाटलेलं टोक पक्कडीत हलकेच आवळलं.

इंजिन बसलं. थरथर थांबली, गणपती थांबला. एवढंच नव्हे, तर रेस वाढली, कारण बंद पडू नये म्हणून गेले तीन महिने आयडलचा स्क्रू पिळून ठेवलेला होता.

आणि हे मी सांगण्याआधी अण्णांना कळलं. त्यांचा डावा हात मडगार्डवर होता. कान नाही, हात.

‘बसलं बघ,’ ते म्हणाले. खरं हसले.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. टाकीवर टेकवलेला हात, बॉनेटवर टेकवलेला हात. आम्ही सगळे ते ऐकतायत म्हणून गप्प बसायचो, पोरांना गप्प करायचो. ते ऐकत नव्हतेच. शंभर डेसिबलच्या शेडमध्ये एका मागाचा बिघाड कानानं शोधणार कसा? फ्रेमवर पंजा ठेवायचा.

मी सकाळीच फोन डॅशबोर्डवर ठेवून ॲक्सिलरोमीटरचं ॲप चालवलं होतं. तीन सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत तीनदा पेटतं. ९०० आरपीएमला सेकंदाला साडेबावीस वेळा. ॲपवर या आकड्याला एक सरळ सुळका दिसायला हवा, आणि माझ्याकडे दिसत होता तो अठरा ते चोवीसमध्ये भरकटणारा डोंगर. वीस हर्ट्झच्या खालचं माणसाला ऐकूच येत नाही, म्हणजे आयडलची धडधड कानापेक्षा हाताचीच वस्तू आहे. अण्णांनी माझा आलेख बघून म्हटलं होतं, ‘हे कशाला? हात ठेव की.’ मला ते गावठी वाटलं होतं. त्यांच्या पंजात तेच ॲप होतं, जुनं व्हर्जन, क्रॅश न होणारं. फक्त चार हजार हर्ट्झची शिट्टी पंजाला कळत नाही. म्हणून सगळं बरोबर करूनही ते तीन महिने चुकीच्या दारात होते.

*

नवीन पाइप स्पेअर पार्टच्या दुकानात फुटावर मिळाला. चाळीस रुपये. बसवायला दहा मिनिटं, जुना तुकडा नळीवरून सोलून काढायला पाऊण तास. मग स्क्रू परत मागे आणून स्लो सेट केला, मिश्रणाचा स्क्रू थोडा इकडे थोडा तिकडे. मी फोन बघत होते, अण्णांचा हात मडगार्डवर. ते थांबले तेव्हा सुळका बावीस आणि तेवीसच्या मध्ये उभा होता. मी काही बोलले नाही.

पीयूसी दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यात मिळाली. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी भंगारवाला आला, चालू गाडीकडे बघून चहा पिऊन गेला.

कानाचा विषय मी काढला तो स्वयंपाकघरात, आईच्या समोर, आणि अत्यंत वाईट काढला. ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं वाक्य. ते उठून बाहेर गेले. आई म्हणाली, ‘मला काय माहीत नाही होय? पंधरा वर्षं झाली. विचारलं की तुझ्या वडिलांना राग येतोय.’ दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी फाटलेल्या पाइपचा तुकडा त्यांच्या समोर ठेवला आणि म्हणाले, याचा आवाज होता, तो तुम्हाला आला नाही, कुठला आवाज येतोय आणि कुठला नाही एवढंच मोजून आणू. मोजायचं म्हटल्यावर त्यांचा विरोध जरा सैल झाला. फिलर गेजवर आयुष्य काढलेला माणूस.

सांगलीला गेलो. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला ते भराभर बटण दाबत होते. मग एक वेळ अशी आली, की बाईंचा हात मशीनवर सरकत होता आणि अण्णा बटणावर अंगठा ठेवून, अगदी लक्ष देऊन, वाट बघत बसले होते. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याचे निळे फुल्या, डावीकडून सरळ येऊन चार हजारापाशी विहिरीत पडलेले. अण्णांनी तो आलेख हातात धरून बराच वेळ बघितला. ‘ह्ये हितं भोक पडलंय,’ म्हणाले.

यंत्रं एक आठवडा ट्रायलला दिली. परत येताना गाडी अण्णाच चालवत होते. सांगलीतून बाहेर पडताना सिग्नल लागला. गाडी थांबली, इंजिन चालू राहिलं. अण्णांनी मान तिरकी केली.

‘टॅपेट वाजायलेत,’ ते म्हणाले.

वाजत होते. टिकटिक टिकटिक, शिलाई मशीनसारखे. मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

‘कवापासनं?’

‘मी कॉलेजला होते तेव्हापासून तरी.’

ते माझ्याकडे वळून बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि अण्णा दचकले.

‘मग सांगायचं न्हाई व्हय?’ ते म्हणाले, आणि गाडी पुढं नेऊन बाजूला घेतली, बॉनेट उघडायला.